पाहुण्यांसाठी ठेवलेली अँटेना

चांगली वस्तू वापरायची नसते, पाहुण्यांना दाखवायची असते, हा माझ्या सासरचा धर्म. बैठकीतल्या शोकेसमध्ये सोनेरी काठाचे कप आहेत. घरातल्या एकाही माणसाने त्यातून कधी चहा प्यायलेला नाही. आम्ही आपले स्टीलच्या पेल्यात पितो.

प्रकाशा गावच्या बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला, तापीकाठी आमची केळीची बाग आहे. पाण्याची मोटार नदीत, आणि तिथल्या उंच दरडीखाली मोबाइल मुका होतो. म्हणून माझ्या जेठांनी, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाने, दोन स्वस्तातले वॉकीटॉकी आणले. इथवर अक्कल शाबूत होती. पुढे ती संपली. सोबत त्यांनी काय घेतलं? खांद्यावर अडकवायचा, गुंडाळ्या वायरचा माईक. कानात घालायची नळी. कमरेला लावायचं चकचकीत रेक्झिनचं पाकीट. असा थाट करून ते बागेत शिरले की वायर केळीच्या देठात अडकायची, आणि हा फौजदार सुटेपर्यंत सगळे सालदार गडी कामं थांबवून बघत उभे राहायचे.

डब्यातलं माहितीपत्रक त्या घरात मी एकटीने वाचलं. कळायला फार बुद्धी लागत नव्हती. सेटबरोबर येते ती बोटभर अँटेना कामचलाऊ, लांब घ्यावी; तिचं मळसूत्र आपल्या सेटला बसतं का ते आधी पाहावं; आणि त्याच मॉडेलची एक जादा बॅटरी ठेवावी. बाकी सगळं नटणं. मी हे सासूबाईंना सांगितलं. जेठ समोरच बसले होते, पण आमच्यात जेठ आणि भावजय एकमेकांशी थेट बोलत नाहीत. त्यांनी भिंतीकडे तोंड करून उत्तर दिलं, "माय, तिले सांग, हाई काय रांधणं शे का?"

रांधणं असतं तर बरं झालं असतं. करपलेलं निदान वासाने कळतं.

अँटेना आणि बॅटरी मीच मागवली. बॅटरी दिसायला काळी वीट, त्यामुळे बिचारी लगेच कामाला लागली. अँटेना मात्र लांब, लवलवती. ती जेठांना आवडली आणि तिथेच तिचं नशीब फुटलं. "इतली भारी वस्तू शेतमा मोडी जाई," त्यांनी भिंतीला बजावलं. "मंग पाहुणा उनात ते काय दखाडसूत?" पाहुणे आले तर दाखवायचं काय, हा खरा प्रश्न. अँटेना शोकेसमध्ये गेली, कपांच्या शेजारी. वर कुलूप, आणि किल्ली सासूबाईंच्या कमरेला.

पावसाळ्यात एका दुपारी देवळाच्या भोंग्यावरून सांगितलं, वरून पाणी सोडलंय, पात्रात कोणी जाऊ नका. नवरा पात्रातच होता. दुसरा सेट घेऊन मोटार वर काढायला सकाळीच गेला होता. माणूस धाडला, पण त्या काळ्या चिखलात मोटारसायकल रुतते, पुढे पायीच जावं लागतं. जेठ अंगणात उभे, खांद्यावर माईक, कानात नळी, "हॅलो, हॅलो". उत्तराला नुसती खरखर. तशातही त्यांचा एक हात पाकिटाचा पट्टा सरळ करत होता. त्या माणसाचा इतका तिटकारा मला कधी आला नव्हता, आणि इतकी भीतीही कधी वाटली नव्हती.

मी सासूबाईंपुढे हात पसरला. त्यांनी कमरेची किल्ली काढून दिली. मी अँटेना घेतली, जेठांच्या हातातला सेट हिसकावला, माईक उपटून टाकला आणि गच्चीवर धावले. अँटेना फिरवून बसवली.

"पानी ई ऱ्हायनं! मोटार ऱ्हाऊ द्या, वर या!"

खरखर. पुन्हा ओरडले. मग त्याचा आवाज आला, नेहमीसारखाच चिडका. "कितलं वरडस? ई ऱ्हायनू ना."

मी तिथेच बसून रडले. तो आला. मोटार गेली.

पाणी ओसरल्यावर नवरा मोटार शोधायला निघाला, तर त्याच्या सेटवर तीच बोटभर अँटेना. लांब अँटेना शोकेसमध्ये होती, पुसून, हळदकुंकू लावून. तिने भावाचा जीव वाचवला म्हणे, आता तर तिला बाहेर काढायचंच नाही.

मी किल्ली मागितली. अँटेना काढून नवऱ्याच्या सेटला बसवली. रिकाम्या जागी तो माईक ठेवला, वायर नीट गुंडाळून. मग पदर सावरला आणि जेठांकडे वळले.

"दादा, पाहुणा उनात ते हाई दखाडा."

लग्न झाल्यापासून त्यांच्याशी मी बोललेलं ते पहिलं वाक्य. उत्तर द्यायला त्यांनी सवयीने भिंतीकडे तोंड केलं.