एक वर्तुळ टिंबाविना

आमच्या पंचक्रोशीत माझ्याविषयी एक नियम ठरलेला होता. मास्तरांनी सांगितलेल्या गोष्टीतली अर्धी विहिरीत टाकावी, अर्धी उन्हात वाळवावी, आणि केळं वाळून सुकेळं व्हावं तेवढं जे उरेल ते खरं मानावं. मी ते कधी मनाला लावून घेतलं नाही. चिंचोटीच्या ओढ्यावर मला बिबळ्या दिसला होता हे खरं आहे. मला पाहून तो मागे वळला, हेही खरं. वळण्याआधी त्याने मान लववून मला सलाम केला, एवढंच काय ते माझं. पण लग्नाच्या मांडवात ती मान मी अशी लववून दाखवत असे की बायका पदराआड हसत आणि पुरुषांच्या पुढचं जेवण थंड होत असे.

तेव्हा मी चाळिशीत होतो. देश स्वतंत्र होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. मराठी शाळेत शिकवायचं, सकाळी शाळेआधी केळीच्या वाडीला पाणी सोडायचं, आणि सवड मिळाली की फलक रंगवायचे, असा माझा दिनक्रम. हिंदूंच्या वस्तीत नाटक असो की ख्रिस्ती गावात सण असो, फलक माझ्याच हातचा. माणसाचं अक्षर चांगलं असलं की सगळे धर्म त्याला बोलावतात.

एका शुक्रवारी नमाज झाल्यावर उस्तादांनी मला मशिदीच्या ओटीवर थांबवून घेतलं. ते सत्तरीच्या पुढचे. आमच्या वस्तीतल्या तीन पिढ्यांना त्यांनी अरबी अक्षरं शिकवलेली, मलासुद्धा. तरुणपणी सुरतेकडे जाऊन ते हदीस शिकून आले होते. बाकी वेळ पानवेलींचा एक लहानसा मळा सांभाळत. आता डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, आणि समोर कोण बसलं आहे ते आवाजावरून ओळखत.

"तुझं अक्षर चांगलं आहे," ते म्हणाले.

"आपली मेहेरबानी."

"तोंड चांगलं नाही."

त्यांनी पुढ्यातली लाकडी पेटी उघडली. आत त्यांची वही होती. गुरूच्या पायाशी बसून लिहून घेतलेल्या शंभरावर हदीसा. कडा वाळवीने खाल्लेल्या, मधली पानं ओलीने एकमेकांना चिकटलेली. आणखी एक पावसाळा ती काढणार नाही, हे मोतीबिंदू नसलेल्या माणसाला लगेच दिसत होतं.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. हदीस म्हणजे पैगंबरसाहेब काय बोलले, कसे वागले, याची ऐकणाऱ्या-पाहणाऱ्यांनी पुढे दिलेली साक्ष. तिचे दोन भाग. आधी सनद, म्हणजे माणसांची साखळी: मला अमक्याने सांगितलं, त्याला तमक्याने, आणि असं मागे मागे थेट ज्याने कानांनी ऐकलं त्याच्यापर्यंत. मग मूळ वचन. वचन कधी दीड ओळीचं असतं आणि साखळी दहा ओळींची. लहानपणी मला वाटायचं, ही सगळी माणसं दारात उभी करून घरात एकच पाहुणा येतो आहे.

"उस्ताद, हे सगळं मुंबईत छापील मिळतं की," मी म्हणालो.

"वचनं मिळतात. ज्यांनी ते ग्रंथ केले त्यांच्यापर्यंतची माणसंही मिळतात. पण तिथून माझ्या उस्तादांपर्यंतची माणसं कुठल्या छापखान्यात आहेत? ती या वहीत आहेत, आणि इथे." त्यांनी छातीवर हात ठेवला. "माझ्यामागे कोणीच नाही. पोरं मुंबईला गोदीत, नाहीतर बोटीवर. तू उतरवून घे. माझ्यापुढे वाच. मी तुला इजाजत लिहून देतो, पुढे सांगायची परवानगी. नाहीतर साखळी इथेच, या ओटीवर संपते."

हे ते अगदी साध्या आवाजात म्हणाले, विड्याला चुना लावता लावता. पण चुना पानाऐवजी अंगठ्याला लागत होता.

मी हो म्हणालो. ते म्हणाले, "थांब. आधी तुझी चौकशी."

जुन्या काळी हदीसा गोळा करणारे एका वचनासाठी महिना-महिना चालत जात. गावात पोचले की आधी त्या माणसाच्या शेजाऱ्यांना भेटत: हा खोटं बोलतो का? विसरतो का? बाजारात वजनात मारतो का? ज्याच्या रोजच्या बोलण्यावर विश्वास नाही त्याचं वचन घ्यायचं नाही, मग तो कितीही नमाजी असो. उस्तादांनी तोच रिवाज माझ्यावर चालवला. माझा शेजारी ख्रिस्ती, होळी नावाच्या वस्तीत त्याचा भाजीचा मळा. वांग्याची टोपली घेऊन तो रस्त्याने चालला होता. उस्तादांनी त्यालाच हाक मारून ओटीवर बसवलं, आणि मी समोर असताना विचारलं, "हा खोटं बोलतो का?"

शेजाऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी डोळ्यांनी विनवण्या केल्या.

"बोलतो," तो म्हणाला. "पन खोटं बोलून कुनाचं काय घेत नाय."

"घेतो का हे मी विचारलं नाही."

"मग बोलतो. रोज बोलतो. नाय बोलला तर आमाला करमत नाय." टोपली उचलता उचलता तो मला म्हणाला, "मास्तर, आमच्याकडे लग्न ठरलं की चर्चात तीन रविवार नावं वाचतात आनि कुनाची हरकत हाय काय इचारतात. तुमची चौकशी तर एका फटक्यात झाली!"

उस्ताद बराच वेळ हसले. मग अट घातली. काम संपेपर्यंत मी कुठेही काहीही वाढवून सांगायचं नाही. बिबळ्या असेल तेवढाच.

दिवाळी नुकतीच झाली होती आणि काम पावसाआधी पुरं करायचं होतं. म्हणजे सहा-सात महिने! बाजारात कोणी विचारलं, "मास्तर, काल मासा केवढा मिळाला?" तर मी म्हणे, "वीतभर." लोक माझ्या कपाळाला हात लावून ताप पाहत. एका लग्नात बिबळ्याची फर्माईश झाली. मी सांगितलं, "दिसला. वळला. गेला." मांडवात अशी शांतता पसरली की नवरदेवाची आई घाबरली. माझ्या बायकोला आठ दिवस बरं वाटलं. नवव्या दिवशी ती म्हणाली, "अहो, थोडं तरी काही बोला. सुतक असल्यासारखं वाटतं घरात."

कामाची रीत मात्र मला आवडू लागली. वजू करून, म्हणजे नमाजाआधी धुतो तसे हात-तोंड-पाय धुऊन बसायचं. एक हदीस उतरवायची आणि तिच्या शेवटी लहानसं वर्तुळ काढायचं, आत रिकामं. मग ती मोठ्याने वाचायची. उस्ताद डोळे मिटून आपल्या आठवणीशी ताडून पाहत. एखादा शब्द मागेपुढे झाला तर बोट वर करत. सगळं जुळलं की म्हणत, "टिंब." मग मी वर्तुळात टिंब द्यायचं. टिंब असलेलं वर्तुळ म्हणजे ऐकवलेली, पडताळलेली हदीस. रिकामं वर्तुळ म्हणजे नुसतं उतरवलेलं. पुढच्या माणसाला पान पाहताक्षणी कळावं, कशावर भरवसा ठेवायचा. शाळेत मुलांच्या वह्या तपासताना मी इतका काटेकोर कधीच नव्हतो.

एकदा मी विचारलं, "तुम्हाला पाठ आहे, मग कागद कशाला? आणि कागद आहे, तर पाठ कशाला?"

"दोघेही चोर आहेत," उस्ताद म्हणाले. "एकमेकांवर नजर ठेवतात."

वैशाखात शेवटची हदीस आली. गुरूंनी ती उस्तादांना निरोपाच्या दिवशी दिली होती, शेजाऱ्याच्या हक्काविषयीची. सगळ्या वहीत त्यांची ती लाडकी. आणि तिच्या सनदेत, गुरूंच्या गुरूंच्या जागी, वाळवीने बोटभर भोक पाडलेलं होतं. मागचं नाव शाबूत, पुढचं शाबूत, मधलं गायब.

मी वाचत गेलो आणि भोकापाशी थांबलो. उस्तादांनी ते गेलेलं नाव घ्यायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. पुन्हा उघडलं. एक नाव घेतलं. मग मान हलवून दुसरं घेतलं. दोघे एकाच गुरूचे शिष्य, दोघेही त्या काळातले, त्यांच्यापैकी कोणीही असू शकला असता. जन्मात पहिल्यांदा मी त्यांना विसरलेलं पाहिलं. त्यांचे हात मांडीवरून सरकून जमिनीवर आले, जणू नाव तिथे सांडलं होतं.

"मधला माणूस गेला तर साखळी तुटली," ते म्हणाले. मग आवाज उंचावून म्हणाले, "तू! तू माझ्याकडे शिकायचास तेव्हा ही वही चांगली होती. हे पान तू पाहिलं असशील. कोणतं नाव होतं? पहिलं की दुसरं?"

मी पान पाहिलं नव्हतं. वहीला हात लावायची आमची हिंमतच नसे. पण पहिलं नाव आधीच्या चार सनदांत याच जागी आलेलं होतं. दहापैकी नऊ हिश्शांनी तेच असणार. आणि उस्ताद माझ्याकडे तोंड करून बसले होते, जवळजवळ याचना करत.

"पहिलं," मी म्हणालो.

"पाहिलंस?"

"पाहिलं."

"कुठल्या बाजूचं पान होतं?"

सहा महिने उपाशी ठेवलेल्या माणसापुढे त्यांनी ताट वाढलं होतं. "डावीकडचं," मी म्हणालो. "दुपारची वेळ. तुम्ही वही उन्हाला ठेवली होती. त्या नावावर माशी बसली होती. तुम्ही पंख्याने हाकललीत, ती उडून पुन्हा त्याच नावावर बसली."

"माशी!" उस्ताद म्हणाले. चेहरा असा उजळला की मोतीबिंदूसुद्धा चमकले. "बस्स. अल्लाचे आभार. लिही ते नाव. साखळी जुळली."

मी नाव लिहिलं. खरं सांगतो, मला त्या माशीचा अभिमान वाटत होता. पुन्हा त्याच नावावर बसवली, काय कारागिरी! टाक शाईत बुडवला. वर्तुळावर नेला. उस्ताद उपरण्याने डोळे पुसत होते आणि स्वतःशीच पुटपुटत होते, "माशी... हो, माशा फार होत्या त्या साली."

त्यांना माशी आठवू लागली होती. मी घडवलेली माशी त्यांच्या छातीत, त्या सगळ्या माणसांच्या रांगेत, जाऊन बसत होती.

"उस्ताद," मी म्हणालो, "मी पाहिलं नव्हतं."

"काय?"

"पान पाहिलं नव्हतं. माशी नव्हती."

बाहेर कोणीतरी विहिरीचं पाणी ओढत होतं. उस्तादांनी उपरणं घडी घालून खांद्यावर टाकलं.

"वही बंद कर," ते म्हणाले. "घरी जा."

दोन दिवस त्यांनी मला बोलावलं नाही. मी वाडीत केळीचे घड मोजत बसलो आणि कोणाला खरा आकडासुद्धा सांगितला नाही. बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "एवढे दिवस तोंड आवरलंत, आणि सोडलंत ते नेमकं तिथे?"

तिसऱ्या दिवशी निरोप आला. मी गेलो तर ओटीवर दाढीचं पातं तयार होतं. नाव खरवडायला लावलं, बोटभर जागा कोरी ठेवायला लावली. "वर्तुळ राहू दे. टिंब देऊ नकोस. मला आठवलं नाही, असंच पुढे जाऊ दे."

मग इजाजत सांगायला लागले, मी लिहू लागलो. इतरांच्या इजाजतीत काय काय असतं ते मी पाहिलं आहे: थोर, सद्गुणी, विश्वासू. माझ्या इजाजतीत उस्तादांनी असं घातलं: याने सगळी वही माझ्यापुढे वाचली, एक हदीस सोडून. याचं अक्षर खरं. याच्या जिभेला जोड साक्षीदार घ्यावा. माझ्यासमोर हा एकदा खोटं बोलला, आणि शाई वाळायच्या आत परत फिरला. याच्याकडून घ्यायला हरकत नाही.

"उस्ताद, हे असं कयामतीपर्यंत वाचतील लोक!"

"वाचू देत. तुला लोक ऐकायला हवेतच ना?" आणि चाचपत चाचपत त्यांनी खाली सही केली.

दोन वर्षांनी ते गेले. वही माझ्याकडे आहे. सध्या माझी थोरली मुलगी माझ्यापुढे ती वाचते. तिचं अक्षर माझ्याहून चांगलं, आणि माझी साक्ष ती आईला विचारून पक्की करते. परवा ती शेवटच्या पानावर आली आणि विचारलं, हे वर्तुळ रिकामं का? तेव्हा मला सगळं सांगावं लागलं: भोक, दोन नावं, मी आणि माशी. सांगताना हात हलला नाही, मान लवली नाही. ऐकून झाल्यावर ती म्हणाली, "पुन्हा सांगा." मी सांगितलं. तिने शब्द ताडून पाहिले, जुळले तेव्हा मान डोलावली, आणि रिकाम्या वर्तुळाला न शिवता पान उलटलं.

लग्नाच्या मांडवात मात्र चिंचोटीचा बिबळ्या हल्ली मादीला घेऊन येतो.