तीन टाके

“प्लेटा दाखवा,” इन्कम टॅक्सच्या इन्स्पेक्टर मॅडम म्हणाल्या. हैदराबादला दिलसुखनगरच्या पुढं तेव्हा मोकळा माळ होता, त्यावरच्या पत्र्याच्या शेडसमोर आम्ही उभे होतो. मॅडमच्या हातात माझ्या सहीचा कागद. त्यात लिहिलेलं, मी एक हजार नव्या सेंट्रिंग प्लेटा विकत घेऊन भाड्यानं दिल्यात. त्या प्लेटा मी स्वतः त्या दिवशी पहिल्यांदा बघणार होतो.

सेंट्रिंग प्लेट म्हणजे अँगलच्या चौकटीवर ठोकलेला लोखंडी पत्रा. स्लॅब टाकताना खाली आधाराला लावतात, काँक्रीट घट्ट झालं की काढतात. एका साइटवर चार कंत्राटदारांचा माल असतो, तो मिसळतो, मग भांडणं होतात. म्हणून प्रत्येक जण आपल्या प्लेटेला रंगाची पट्टी मारतो. रंग काय, कोणीही बदलेल. मी माझ्या प्लेटेच्या पाठीमागं कोपऱ्यात वेल्डिंगचे तीन टाके मारायचो, दोन जवळ आणि एक लांब. आमचा मेस्त्री यादय्या म्हणायचा, “सेठ, बायकोच्या साडीला विसराल, पण प्लेटेला नाही.” खरं होतं ते.

मी चौथी पास. आमचे वडील उदगीरकडून शेती सोडून हैदराबादला आले. मी हमाली केली, मेस्त्री झालो, मग सरकारी कामाचा कंत्राटदार. कोणापुढं मान वाकवली नाही. बाजार खुला झाला त्या वर्षांत कामं वाढली, कमाई वाढली, तसा टॅक्सही वाढला. तो द्यायचं माझ्या जिवावर येत होतं, कशाला खोटं बोलू.

अशात प्रभाकर आला. नामपल्लीतल्या जुन्या मराठी वकिलाच्या घरचा मुलगा, बांधकामाचा माल विकायची कंपनी काढलेला. टाय लावायचा आणि मला काका म्हणायचा. त्या घराच्या ओसरीवर मी कधीकाळी चुन्याच्या गोण्या उतरवल्या होत्या. तो आता माझ्या घरी, माझ्या सोफ्यावर बसून समजावत होता.

“काका, पाच हजारांच्या आतलं अवजार घेतलं, तर त्याची पूर्ण किंमत त्याच वर्षी कमाईतून वजा होते. सरकारचाच कायदा आहे. एकेक प्लेट पाच हजारांच्या आतच बसते. आमच्या कंपनीकडून हजार प्लेटा घ्या. सांभाळायची कटकट नको, लगेच कंपनीलाच भाड्यानं द्या. भाड्यातून पैसे फिरून येतील, टॅक्स शून्य.”

“प्लेटा बघून घेतो आधी.”

“काका, जमाना बदलला. आता माल कोण बघतं? कागद बघतात.”

प्रभाकरनं पुढं ठेवलेले कागद इंग्रजीत होते. माझे हिशेब लिहायचे बेगम बाजारातले रज्जाकभाई. त्यांनी ते दोनदा उलटेपालटे केले आणि चष्मा काढला.

“माधवराव साब, मेरे को तो समझा नहीं. आप को समझा क्या?”

“हौ,” मी म्हटलं.

नव्हतं समजलं. पण वकिलाच्या पोरासमोर तसं म्हणायची मला लाज वाटली.

“नहीं समझा तो दस्तखत नक्को करो,” रज्जाकभाई म्हणाले. मी त्यांच्यासमोरच सही केली. मराठीत, मोठ्या अक्षरात.

पुढच्या वर्षी सरकारी दवाखान्याच्या मोठ्या इमारतीचं टेंडर निघालं. आयुष्यात एकदा मिळावं असं काम. त्याला इन्कम टॅक्सचं क्लिअरन्स सर्टिफिकेट लागायचं. ते नसेल तर टेंडर उघडतसुद्धा नाहीत. त्या सर्टिफिकेटसाठी अर्ज केला आणि मॅडम प्लेटा बघायला निघाल्या.

शेडमध्ये पन्नास-साठ प्लेटा रचलेल्या होत्या. लालभडक नवा रंग. प्रभाकर हजर होता. “बाकीच्या साइटवर गेल्यात मॅडम, भाड्यानं. ही पावत्यांची फाईल.”

मॅडमनी फाईल चाळली. प्लेटांवर नजर टाकली आणि पेन काढलं. झालंच होतं म्हणा ना काम.

मी सवयीनं वरची प्लेट उचलली. हाताला हलकी लागली. गंजानं पत्रा खाल्ल्याशिवाय प्लेट हलकी लागत नाही. मी ती उलटी केली. लाल रंगाखाली कोपऱ्यात फुगवटे होते. दोन जवळ, एक लांब.

दुसरी उचलली. तिसरी उचलली. उकिडवा बसून खालच्याही उलटून बघितल्या, सगळ्यांवर तेच तीन टाके. दीड वर्षापूर्वी या प्लेटा मी भंगारात काढल्या होत्या. पत्रा सडला होता, खाली माणूस उभा करायची भीती वाटायची. त्याच रंगवून मला नव्या म्हणून विकल्या होत्या.

“काय झालं?” मॅडमनी विचारलं.

प्रभाकर खाली वाकून कानात म्हणाला, “काका, घरी बोलू. टेंडर जाईल.”

टेंडर जाणार हे मलाही कळत होतं. तोंड बंद ठेवलं असतं तर दवाखाना माझा होता. पण आपलं भंगार ओळखूनही त्याला नवं म्हणायचं, हे तोंडून निघेना.

“मॅडम, ही खूण माझी आहे,” मी म्हटलं.

“माल तुमचाच आहे, तर खूण तुमचीच असणार ना.”

“हा माल मी भंगारात विकला होता. नव्या प्लेटा मी कधी बघितल्याच नाहीत. सही मात्र माझी आहे.”

मॅडमनी पेनाला टोपण लावलं. प्रभाकर शेडच्या बाहेर जाऊन उभा राहिला. त्यानंतर त्यानं मला काका म्हटलं नाही.

दवाखाना गेला. टॅक्स भरला, त्यावर व्याज भरलं, दंड भरला, त्यात लॉरी विकली. प्रभाकरची कंपनी सहा महिन्यांत पाटी काढून गेली. त्याच शेडमधल्या प्लेटा आणखी सात कंत्राटदारांना विकल्या होत्या, हे नंतर कळलं. ते सगळे माझ्यापेक्षा शिकलेले. खरं बोललो म्हणून माझं कंत्राटदाराचं रजिस्ट्रेशन तेवढं वाचलं. सर्टिफिकेट दोन वर्षांनी मिळालं, तोवर दवाखान्यात पेशंट झोपायला लागले होते.

नवीन कागद आला की रज्जाकभाई फक्त चष्मा काढून माझ्याकडं बघायचे.

“नहीं समझा,” मी म्हणायचो. “फिर से पढ़ो.”

आणि भंगार विकायच्या आधी मी प्रत्येक प्लेटेचे गॅस कटरनं दोन तुकडे करतो.