दोन बोटं सैल

शेवटच्या भेटीआधी वयनीनं माझ्याकडे जांभळा दोरा मागितला होता. वयनी म्हणजे माझी थोरली जाऊ, सुलोचना. माझे यजमान तिला वयनी म्हणतात, म्हणून मीही म्हणायला लागले आणि पुढे माझ्या मुलानंही तेच उचललं. लाटंबार्से गावातल्या आमच्या घरात, मधल्या खोलीत, जनेलाशी, म्हणजे खिडकीशी, तिची खाट ओढून ठेवली होती. मी डिचोलीहून शनिवारी जायचे. आदल्या दिवशी तिचा फोन आला, "येताना जांभळो दोरो हाड गो, वांग्याच्या रंगाचो." मी नेला. मग म्हणाली, "सुयेत ओवून ठेव, माका आता दिसणा नाय." मी सुई ओवली आणि तिनं सांगितलं तशी भिंतीवरच्या कॅलेंडरच्या कडेला खोचून ठेवली. त्या खोलीत जांभळं असं काही मला दिसलं नाही. कशाला हवी म्हणून विचारलं, तर म्हणाली, "लागता." एवढंच... पुढच्या शनिवारच्या आत ती गेली. श्रावण लागला होता.

तेव्हापासून मी त्या दोऱ्याचा विचार करते आहे, आणि खरं सांगायचं तर माझा गोंधळ काही संपलेला नाही. कोणी गेलं की माणसं म्हणतात, आता सगळं लख्ख आठवतं. मला उलट झालंय. तिच्याबरोबर इतकी वर्षं काढली आणि आज कोणी विचारलं, ती दिसायला कशी होती, तर मला धड सांगता येणार नाही.

सुरुवात सासूबाईंपासून करायला हवी. दोन सुनांत भेद नको हा त्यांचा हट्ट. चवथीला, म्हणजे गणपतीत, दोघींना एकाच ताग्यातलं कापड, एकाच रंगाच्या साड्या. शिंपी डिचोलीच्या बाजारात, आणि परक्या पुरुषाकडून टेप लावून घ्यायची वयनीला भारी लाज. मापाचा ब्लाउज पाठवायची पद्धत आपल्याकडे सगळीकडेच आहे. अंगाला नीट बसलेला एक जुना ब्लाउज पिशवीत घालायचा की काम झालं. पण दोघींचे दोन मापाचे ब्लाउज पाठवले तर शिंपी अदलाबदल करील, अशी सासूबाईंना भीती. म्हणून त्यांनी एकच पाठवला, माझा. आणि सांगितलं, "धाकटीचा ह्या मापान शिव. थोरलीचा ह्याच्यापेक्षा दोन बोटां सैल." मी नवी नवरी, काडीसारखी. वयनीचं नुकतंच बाळंतपण झालेलं, अंगानं भरलेली. त्या वर्षी ते बरोबरच असणार. पण सासूबाई गेल्या, मी डिचोलीला बिऱ्हाड केलं, कचेरीत खुर्चीवर बसून बसून माझे ब्लाउज काखेत करकचायला लागले, आणि तरीही पिशवीत माझाच ब्लाउज जात राहिला आणि शिंप्याला वाक्य तेच जात राहिलं. दर दोन-तीन वर्षांनी मी मापाचा ब्लाउज बदलायचे, अर्थात गुपचूप, आणि बदललेलाही जरा श्वास धरूनच बसणारा. शिंप्याला मात्र रुबाबात सांगायचे, "नेहमीचंच माप. थोरलीचा दोन बोटं सैल."

घरात आमच्या दोघींच्या जागा त्या दोन बोटांवर ठरल्या होत्या. वयनी अंगापिंडानं मजबूत, म्हणून काजूची बोंडं भरलेली पाटी तिच्या डोक्यावर. मी नाजूक, म्हणून वाती वळायला आणि पाहुण्यांना चहा न्यायला. पंगतीत कोणी ना कोणी म्हणणारच, "वयनीक वाढ गो, तेका लागता." तीही हसून पान पुढे करायची. लग्नाकार्यात बायका आम्हाला शेजारी उभं करून म्हणत, एकीच्या ब्लाउजात दुसरी दोनदा मावेल, आणि ती दुसरी म्हणजे मी, हे मला कोणी वेगळं सांगावं लागत नसे. मला ते आवडायचं. का आवडू नये? कचेरीत सगळ्या मला "बाई, तुम्ही आता भरलात" म्हणत. लाटंबार्श्याला गेलं की मी पुन्हा बारीक व्हायचे. तिथल्या उंबऱ्यात पाऊल टाकलं की माझं दहा किलो वजन उतरत असे.

म्हापशाला तयार कपड्यांची दुकानं वाढली तसा घोळही वाढला. एका दुकानात मी एम, समोरच्या दुकानात एक्सएल, आणि तिसऱ्यात तर एक्सएलही डोक्यातून खाली उतरेना. मी शहाण्या बाईसारखी एमवाल्या दुकानाची कायमची गिऱ्हाईक झाले. वयनीला गाऊन घ्यायचा तर मी हिशेब करून दोन अक्षरं पुढचा घ्यायचे. दुकानातली मुलगी विचारायची, "त्यांना आणलं असतं तर?" मी म्हणायचे, कशाला, मला ठाऊक आहे. आणि वयनी प्रत्येक वेळी गाऊन अंगाला लावून म्हणायची, "बरो जाता माका. मोकळो बरो." त्यानंतर, न चुकता, "जाताना दोन सुयो ओवून जा गो." मी ओवायचे. वाटायचं, उशांचे अभ्रे असतील, गोधडी असेल. शेतकऱ्याच्या घरात शिवायला काय कमी असतं...

ह्या वैशाखात माझ्या मुलाचं लग्न झालं. तो तुयेला कारखान्यात आहे, सून प्राजक्ता त्याच कारखान्यातली, मूळची बेळगावकडची. चुडा भरायला कांकणकार आला तेव्हा माझ्या हाताला साबण लावूनही बांगड्या अंगठ्याशी अडल्या आणि वयनीच्या हातात त्याच मापाच्या सरसर गेल्या. सगळ्या बघत होत्या. मीच तोडगा काढला, "वयनीचे हात खोबरं किसून किसून तेलकट असतात." वयनी लगेच म्हणाली, "व्हय गो, तेलान जाता तां." बायका हसल्या, विषय संपला.

मग आषाढात तिचं पोट दुखायचं थांबेना, तेव्हा आम्ही तिला मोठ्या इस्पितळात नेलं. डॉक्टर तरुण मुलगी होती. तिनं विचारलं, "वजन कधीपासून उतरतंय? कपडे कधीपासून सैल व्हायला लागले?" भावजींनी, म्हणजे वयनीच्या यजमानांनी, माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "नाही हो, त्यांची तब्येत पहिल्यापासून चांगली आहे." वयनी मला दुजोरा दिल्यासारखी म्हणाली, "माझे कपडे पयलेपासूनच सैल, डॉक्टर." आम्ही हसलो. डॉक्टर हसली नाही. तिनं पुन्हा विचारलं, अंदाजानं तरी सांगा, सहा महिने, वर्ष? तिघांपैकी एकालाही सांगता येईना. त्या मुलीच्या चेहऱ्यावरचं ते वाट पाहणं मला अजून दिसतं. आजार जुना होता आणि फार पसरला होता, हे दोन दिवसांनी कळलं. आधी कळून उपयोग झाला असता की नाही, तेही कोणी नक्की सांगितलं नाही.

ती गेली त्या सकाळी तिला हिरवी साडी नेसवायची होती. सवाष्णीचं जाणं. मी कपाटातून हिरवा ब्लाउज काढला आणि घालताना हाताला आतून काहीतरी लागलं. दोन्ही बाजूंना, काखेपासून खालपर्यंत, हातानं घातलेला धावदोरा. शिंप्याची शिवण होती तिथे होती, आणि तिच्या आत चांगली चार बोटं ही दुसरी. एवढं आत घेऊनही ब्लाउज तिला सैलच झाला. "आजारान वाळली रे देवा," शेजारची म्हणाली, आणि सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली.

बाराव्यानंतर कपाट आवरायला बसले तेव्हा एकेक ब्लाउज उलटा करून पाहिला. सगळ्यांना धावदोरा. मी दिलेल्या गाऊनना धावदोरा. सासूबाई असतानाचा मोरपिशी ब्लाउज होता, त्यालाही, आणि त्याचा दोरा कापडाबरोबरच विटलेला. म्हणजे जुना? की आजारात जुने कपडे घालायला काढले आणि घरात असला तो दोरा वापरला? एका ब्लाउजला तर टाक्यांच्या दोन ओळी, एक उसवून पुन्हा थोडी आत घातलेली. टाका कधी घातला हे टाक्याकडे बघून कळत नाही. मला मात्र त्यातले कितीतरी दोरे ओळखीचे वाटत होते. लाल, पोपटी, राखाडी... ते मीच सुईत ओवले होते.

मी त्यातला एक अंगात घालून पाहिला. दंडाशीच अडकला.

तेव्हा मी स्वतःची समजूत घातली, हे सगळं आजाराचं. शेवटच्या वर्षातलं. ती समजूत प्राजक्तानं मोडली, आणि तिला बिचारीला पत्ताही नाही. वयनीचा फोटो मोठा करून लावायचा म्हणून आम्ही अल्बम काढला होता. माझ्या मुलाच्या मुंजीतला एक फोटो, आम्ही दोघी दारापुढच्या बालकांवात उभ्या, एकाच रंगाच्या साडीत, बरोबरीनं हसणाऱ्या. प्राजक्तानं वयनीला फक्त आजारी, पिकल्या केसांची पाहिलेली, आणि घरात सगळ्यांकडून ऐकलेलं की मोठ्या आत्ती, म्हणजे तिच्या मोठ्या सासूबाई, अंगानं दणकट होत्या. तिनं सरळ माझ्या चेहऱ्यावर बोट ठेवलं. "ह्या काय हो आत्ती, मोठ्या आत्ती? आणि ह्या बारीक कोण?"

मी म्हटलं, नीट बघ. तिनं नीट बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि ओशाळून चहा टाकायला निघून गेली. मी फोटो घेऊन दारातल्या उजेडात गेले. तुम्हाला खोटं वाटेल, पण मला त्यात अजूनही वयनीच जाड दिसते. डोळे बारीक करून पाहिलं, एकीवर हात ठेवून दुसरीला पाहिलं. तिचा दंड माझ्या दंडाच्या निम्मा आहे, हे मोजता येतं, पण दिसत नाही. माझ्या मुलाची मुंज होऊन किती वर्षं झाली... तेव्हा तिला कसला आजार?

मग ती बोलली का नाही? एका वाक्याचं काम होतं. "माझां माप वेगळां पाठव." पण ते म्हणायचं तर पुढे म्हणावं लागलं असतं की तू आता माझ्यापेक्षा जाडी झाली आहेस. ते तिला म्हणायचं नव्हतं? की तिलाही वाटत होतं आपण जाडच, आणि शिंपीच दर वर्षी चुकतो? आरशात तिला कोण दिसत होतं? दर चवथीच्या आधी ती जनेलाशी बसून ब्लाउज आत घेत असणार आणि पूजेला नीट बसलेला ब्लाउज घालून, पदर दोन्ही खांद्यांवरून ओढून, जाडी वयनी होऊन पंगतीत बसत असणार. ह्यातलं काय खरं, हे सांगणारी एकच बाई होती. मला तिचा राग येतो. इतका जीव लावायचा आणि सांगायचं मात्र नाही. आणि राग ओसरला की तिची इतकी आठवण येते की कचेरीतून उठून बाहेर जावं लागतं.

यंदाची चवथ कशीबशी झाली. नव्या कपड्यांची कोणाला आठवणही नव्हती. मागच्या आठवड्यात शिंप्याचा फोन आला, "बाई, दोनय ब्लाउज कधीचे तयार आसत. कोण येवक नाय न्हेवक." तेव्हा मला आठवलं. आषाढात, इस्पितळाच्या आधी, मी कापड आणलं होतं आणि वयनीला दाखवून मगच त्याच्याकडे टाकलं होतं. नेहमीचंच माप, नेहमीचंच वाक्य. तिनं कापडावरून हात फिरवला होता आणि म्हणाली होती, "वांग्याचो रंग. बरो गो."

शिंप्याला काही कळलं नव्हतं. मी ब्लाउज आणायला गेले तेव्हा कागदात बांधता बांधता म्हणाला, "थोरल्यांचा दोन बोटां सैल केलाय, नेहमीसारखा. बऱ्या आसत मां त्यो?" मी सांगितलं. त्यानं सुतळीची गाठ मारली आणि पुडकं माझ्या हातात दिलं.

रविवारी लाटंबार्श्याला गेले. मधल्या खोलीचं दार लावून घेतलं. खाट उचलली आहे, पण कॅलेंडर तिथेच आहे, श्रावणावरच थांबलेलं, आणि त्याच्या कडेला सुई, जांभळ्या दोऱ्यासकट. मी वयनीचा ब्लाउज पुडक्यातून काढला. किती आत घ्यायचा ते तिलाच ठाऊक. तो उलटा करून, सुई हातात घेऊन मी तिच्या जागी बसून राहिले. मग काय मनात आलं, अंगातला काढला आणि तो चढवला. काखेत ओढला नाही. हूक श्वास न धरता लागले. दोन बोटं सैल शिवलेला ब्लाउज मला अगदी बरोबर बसला.

बाहेरून भावजी जेवायला हाक मारत होते. मी सुई होती तिथे परत खोचली आणि तोच ब्लाउज घालून पानावर जाऊन बसले.