शर्टावरच्या फुल्या

माझ्या पोराच्या शर्टावर बिब्ब्याच्या फुल्या उठल्या होत्या, त्या मी काढल्या. हे आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. गाव अजून त्याला भानामती म्हणतं.

थोरल्या भावाची बायको, माझी वहिनी, तिच्या अंगात देवी यायची. नवरात्रात आरतीला संबळ वाजायला लागलं की ती घुमायची, आणि एरवी तिला पाणी आण म्हणणारे दीर-सासरे तिच्या पायावर डोकं ठेवायचे. मीही ठेवायचो. एका अष्टमीला तिनं माझं डोकं वर उचललं. एरवी भाऊजी म्हणत पदर सावरणारी बाई भरल्या देवळात म्हणाली, "ज्या हातानं बायकोला मारतोस, तो पुढं कर." आणि तळहातावर पेटता कापूर ठेवला. देवीपुढून हात मागं घ्यायचा नसतो. मी घेतला नाही. मागून कुणीतरी बोललं, "आता कळंल बे, चटका कसा असतो." माणसं हसली. बायको हसली नाही, पण तिनं मान खाली घातली नाही. देवीच्या कानावर हे कुणी घातलं, ते मला तेव्हाच कळलं.

त्यानंतर मी बायकोवर हात उचलला नाही. सुधारलो वगैरे काही नाही, भ्यालो होतो. आणि जिनं भीती घातली तिला सोडायचं नाही, हे कापूर विझायच्या आत ठरवलं होतं.

मग तेलगावच्या रस्त्यावर भावाची मोटरसायकल उसाच्या ट्रॅक्टरवर धडकली. भाऊ गेला. वहिनीचं कुंकू पुसणाऱ्या बायकांत तिचे पाय धुऊन तीर्थ घेतलेल्या बायका होत्या. पुढच्या नवरात्रात ती देवळात आली नाही, पायरीखाली उभी राहिली. संबळ वाजलं आणि ती तिथंच घुमायला लागली. आरती थांबली. पाया पडावं का बाजूला सरावं, कुणाला कळेना. पुजारी म्हणाला, "कपाळ मोकळं, अन् देवी कशी येईल?"

मी इतकंच बोललो, "देवी न्हाईच ती. दुसरंच काय तरी हाय."

महिनाभरानं एका दुपारी, घरात कुणी नसताना, बायको पायाच्या भेगांना लावायची तो तिच्या डब्यातला बिब्बा तापवला आणि दोरीवर वाळणाऱ्या शर्टावर फुल्या ओढल्या. फोटो गावच्या ग्रुपवर टाकला. दिवस मावळायच्या आत अंगण भरलं. बिब्बा माझ्या बोटांवर उतला होता, टरटरून फोड आले होते. तेही पुरावा म्हणून दाखवले. "शर्टाला नुसता हात लावला, अन् हे बघा." म्हातारी माणसं दोन पावलं मागं सरली, नजरा वहिनीच्या दाराकडं वळल्या.

सगळे गेल्यावर बायको माझ्या बोटांना खोबरेल लावायला बसली. "बिब्बा उततो," ती म्हणाली. "म्हणून आमी सुईनं लावतो." तेवढंच बोलून ती डबा आवरायला उठली. सांगणार तरी कुणाला? जिच्यापाशी सांगायची, तिलाच मी संपवत होतो.

गिरणीत वहिनीचं दळण शेवटी पडायला लागलं. तिच्या दारावरून जाताना बायका लेकरं पदराआड घ्यायला लागल्या. परवाची देवी आज चेटकीण कशी झाली, असं कुणी विचारलं नाही. देवी नाहीतर चेटकीण, मधली जागा आम्ही तिच्यासाठी ठेवलीच नव्हती. मला हे चांगलं ठाऊक होतं, म्हणून तर जमलं.

संक्रांतीच्या आधी ती बहिणीकडं, युसूफ वडगावला गेली. जाताना पिशवी घेऊन माझ्या दारात थांबली. "भाऊजी, मी लेकराला कामून काय करीन?"  ती वळणाआड जाईपर्यंत मी उंबऱ्यावर उभा राहिलो. मला बरं वाटलं. लई बरं वाटलं. खोटं कशाला लिहू.

ते बरं वाटणं फार टिकलं नाही, पण मी गप्प राहिलो. पोरगा आता कॉलेजात जातो आणि मोठ्या आईचं नाव निघालं की अजून उठून जातो. बायको घरात गरजेपुरतं बोलते. तिच्या डब्यात त्यानंतर मी बिब्बा पाहिलेला नाही.

अष्टमीच्या आरतीला, त्याच माणसांसमोर, पोराला शेजारी उभं करून "फुल्या मी काढल्या" एवढं म्हणायचं आणि वहिनीला तिच्या घरी परत आणायचं, हे माझ्याकडून राहिलं आहे.