आवाजांच्या बाई

पेडणेकर बाईंइतकं घाबरट माणूस मी आजवर पाहिलेलं नाही. पाल दिसली की त्या खुर्चीवर, शेजारच्या कुकरची शिट्टी जरा लांबली की दारात. लिफ्टमध्ये त्या एकट्या कधी चढल्या नाहीत, आणि सोबत कोणी असलं तर दार उघडेपर्यंत त्याचा हात सोडला नाही. त्यांच्या बालवाडीत मी मदतनीस म्हणून पहिल्यांदा गेले, तेव्हा माझं नाव विचारायच्या आधी त्यांनी विचारलं, "हा पंखा पडणार नाही ना गो?"

बालवाडी लालबागच्या एका जुन्या चाळीत तळमजल्यावर भरायची. वरच्या मजल्याला बाहेरून लाकडी टेकू दिलेले होते. ते इतकी वर्षं होते की लोक त्यांच्यावर कपडे वाळत घालत. बाई मात्र रोज त्यांच्याखालून मान आखडून जात.

शब्द शिकवावेत ते बाईंनी. मुलं चार वर्षांची, मोबाइलवरची कार्टून बघून अर्धं हिंदी, अर्धं इंग्रजी बोलणारी. पुस्तकात आवाजांचे शब्द असतात, पानांची सळसळ, पैंजणांची छुमछुम. ते पाठ करून घेणं बाईंना मान्य नव्हतं. लालबागच्या पोरांनी सळसळ ऐकायची कुठे, असं त्यांचं म्हणणं. त्या मुलांना गोलात बसवत आणि म्हणत, "डोळे मिटा, कान उघडा. ऐकलंय ते सांगा, पाठ आहे ते नको." मग मिरची कांडणाऱ्या डंकाची धडधड यायची, नळाची टपटप, कढईतली चरचर. शब्द सापडला नाही तर बाई विचारत, "कशासारखं?" आणि मूल जे सांगेल ते गंभीरपणे ऐकून घेत. मुलांना तो खेळ वाटे. मला वाटायचं, ही बाई पोरांना शब्द शिकवत नाहीये, पहाऱ्याला बसवतेय.

उन्हाळ्यात मसाल्याच्या दिवसांत एकदा शेजारच्या मसालेवाल्याने मिरच्या भाजल्या. मुलं खोकायला लागली आणि बाईंना वाटलं आग लागली. सगळी वरात अनवाणी रस्त्यावर. पालकांच्या ग्रुपवर दिवसभर हसणारे चेहरे येत राहिले. बालवाडी चालवणाऱ्या संस्थेच्या मॅडमनी बजावलं की पुन्हा असा तमाशा झाला तर वर्ग दुसऱ्या कुणाला देऊ. त्या संध्याकाळी बाई रडल्या. घरी वाट बघणारं कोणी नव्हतं, त्यांचं जे काही होतं ते या खोलीत होतं.

पावसाळा सरत आला होता. मुलं डोळे मिटून बसली होती. तन्वी नावाची, सहसा तोंड न उघडणारी मुलगी म्हणाली, "टीचर, वर कोणीतरी दात खातंय."

मुलं हसली. बाई हसल्या नाहीत. तिच्याजवळ जाऊन बसल्या. "कशासारखं गो?"

"पप्पा झोपेत खातात ना, तसं. करकर."

मीही कान दिला. डंक धडधडत होता, पंखा फिरत होता, बाकी काही नाही. बाईंकडे पाहिलं तर चेहरा पांढराफटक. मॅडम, ग्रुपवरचे ते चेहरे, हातातून जाणारा वर्ग, सगळं मला त्यांच्या डोळ्यांत दिसत होतं.

"सुप्रिया, दार उघड. चपला नको, दप्तरं नको."

मॅडम काय म्हणतील, असं मी पुटपुटले.

"म्हणू देत."

समोरच्या फुटपाथवर त्यांनी एकेका डोक्याला हात लावून मुलं मोजली. मग मला वरच्या कदम काकूंना हाक मारायला लावली. काकू हातातला झारा न ठेवताच कुरकुरत खाली आल्या. मसालेवाला हसत होता, आज धूर की भूत म्हणून विचारत होता. बाईंनी त्याच्यापुढे नुसते हात जोडले. काकूंनी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात आमच्या दारातून धूळ बाहेर आली आणि मागोमाग काकूंच्या खोलीची जमीन आमच्या वर्गात उतरली. मुलं जिथे गोलात बसली होती तिथे तुळई आडवी पडली होती, आणि तिच्यावर काकूंची शेगडी. कोणीतरी डोळे गच्च मिटून म्हणालं, "टीचर, धडाम."

संध्याकाळपर्यंत आयाबाया येऊन बाईंच्या पाया पडत होत्या. गर्दी पांगल्यावर बाईंनी मला विचारलं, "तुला ऐकू आलेलं?"

नाही म्हटलं. तुम्हाला आलं म्हणून तर आपण उठलो, असं म्हटलं.

"मलापण नाही गो. कान गेलेत माझे, बारीक आवाज येतच नाहीत. बरेच दिवस झाले, कुणाला सांगितलं नाही. ती म्हणाली म्हणून उठले."

मग ढिगाऱ्याकडे बघत म्हणाल्या, "लाजून गप्प बसली असती तर?"

बाईंनी पुन्हा वर्ग घेतला नाही. दिवाळीनंतर त्या बहिणीकडे सावंतवाडीला गेल्या. वर्ग आता मंडळाच्या हॉलमध्ये भरतो आणि तो मी घेते. मुलं डोळे मिटतात तेव्हा मी त्यांच्या ओठांकडे बघत असते. एखाद्या मुलाचे ओठ हलले आणि ते गप्प झालं, की मी त्याच्यासमोर जाऊन बसते आणि ते बोलेपर्यंत तिथून उठायची माझी हिंमत होत नाही.