शूटिंगवाल्यांचं तिसरं कार्ड

शूटिंगवाल्यांचं डोकं फिरलं, ते दुकानदार ‘आजोबा’ म्हणाला म्हणून नव्हे. “असलं कार्ड आता कोण घेतं? टेप टाका की फेकून,” असं म्हणाला म्हणून.

“फेकून? तुझ्या घरची आहे का रे टेप?”

तीस वर्षं लोकांची लग्नं शूट केलेला माणूस हा! पण स्वतःच्या घरची टेप एकच. बायको गेली तेव्हा लेक दोन वर्षांची होती. त्या टेपमध्ये बायको लेकीला मांडीवर घेऊन चांगली दहा मिनिटं बोलतेय. ती लावून बघायचा धीर त्यांना कधी झाला नव्हता. आता लेकीलाच दिवस गेले होते आणि तिनं एकच हट्ट धरला होता, “बाबा, मला आईचा आवाज ऐकायचाय.”

कॅमेरा म्हातारा. स्क्रीन गेलेला, टीव्हीला जोडायचं भोक मेलेलं. जिवंत फक्त फायरवायर नावाचं जुनं भोक. म्हणजे कॉम्प्युटरला तसलं भोक देणारं कार्ड बसवायचं, संपलं! पण पहिल्या दुकानानं यूएसबीचं चिटुकलं यंत्र गळ्यात मारलं, ते नेमकं मेलेल्या भोकातूनच चित्र घेणारं. दुसऱ्यानं जुन्या लांब खाचेचं कार्ड दिलं. यांच्या कॉम्प्युटरात खाच आखूड. परत करायला गेले तर म्हणे, “पाकीट फोडलंय.” न फोडता काय वास घेऊन कळणार होतं, बसतं की नाही ते?

म्हणून या तिसऱ्या दुकानात ते कॉम्प्युटरची पेटीच काखोटीला मारून आले होते. काउंटरवर आदळली, झाकण काढलं, खाचेवर बोट ठेवलं. “यात बसेल ते दे. माझ्यासमोर बसव.”

दुकानदार मुकाट्यानं माळ्यावर चढला. धुळीनं माखलेलं कार्ड निघालं आणि बसलंही.

दुपारी लेक खुर्ची ओढून शेजारी बसली. टेप फिरली. बायको दिसली. ओले केस, हसरा चेहरा, ओठ हलताहेत. आवाज मात्र नाही.

“तरी म्हटलं! भामटे साले! कार्डच भिकार दिलं!” त्यांनी वायर काढून घातली, आवाज वाढवला. मग चिडून कुठल्याशा भाषणस्पर्धेची टेप लावली. आवाज खणखणीत!

शूटिंगवाल्यांचे हात थांबले. लग्नातला गलका नको, वरून गाणीच घालायची असतात, म्हणून ते माइकच्या भोकात रिकामी पिन खुपसून ठेवत. पिन असली की कॅमेऱ्याचा माइक बंद. भाषणं असली तरच काढायची. घरी शूट करताना ती काढायचं सुचलंच नव्हतं.

“कार्ड चांगलं आहे,” ते म्हणाले. “मी गाढव. तीस वर्षांचा अनुभव म्हणे! थू त्या अनुभवावर.”

लेकीनं पुन्हा आईची टेप लावली. तिची नजर स्क्रीनवरून हलेना. “असू दे, बाबा. तुम्ही समोरच होतात ना? आई काय बोलतेय ते तुम्हीच सांगा.”

शूटिंगवाले स्क्रीनजवळ वाकून बायकोचे ओठ बघू लागले. ते तेव्हा फोकस लावत होते, खिडकीतला उजेड बघत होते. बायको काय बोलली, ते त्यांनी ऐकलंच नव्हतं.