कुट्टी मशीनचं तेल कुठून गळत होतं

जोगेश्वरीत मी टिकलो ते वसंतभाऊंमुळे. भाऊ अंधेरीच्या एका कारखान्यात फिटर आणि आमच्या शेजारच्या खोलीत राहणारे. हे आधी सांगितलं, कारण पुढचं सगळं माझ्या अकलेचं आहे.

गिरणीच्या संपानंतर मामाने सहा म्हशी घेतल्या, आणि गवत बारीक करायला एक जुनी कुट्टी मशीन. ती सांभाळायला मला गावाहून बोलावलं. मी आठवीत शाळा सोडलेली. (शाळेनेही थांबवलं नाही.) पण आईने पार कणकवलीपर्यंत सांगून ठेवलेलं, माझो झील मुंबईत मशीनवर आहे. म्हणून सकाळी उठलो की आधी मशीनला तेल, मग मला चहा.

रविवारी पोचलो, सोमवारी मशीन बंद. मोटार गरगर फिरते, पाती जागची हलत नाहीत. वसंतभाऊ कामावर निघाले होते. त्यांनी डबा खाली ठेवला, मोटारीवरून पात्यांच्या चाकाला जाणारा पट्टा पुसला, मशीन चालू.

"तेल गळतंय कुठून तरी," ते म्हणाले. "त्यानेच पट्टा घसरतो."

मंगळवारी पुन्हा तेच. घाबरून बुधवारी मी दुप्पट तेल घातलं, तर चाकाने एक फेरासुद्धा घेतला नाही. मामीने मशीनवरून मीठ-मिरच्या ओवाळल्या. म्हशींनी हंबरून चाळ डोक्यावर घेतली. शेवटी मामी घरातली विळी घेऊन गवत चिरायला बसली, जशी काही सहा जणींना भाजी करायचीय.

"म्हशींका आता माझी हाडां घालू काय?" ती मामावर ओरडली.

गळती शोधायला मामा, वसंतभाऊ आणि मी, तिघे मशीनखाली. सगळ्यात मन लावून मी शोधत होतो, बॅटरी तोंडात धरून!

गुरुवारी दूध निम्म्यावर आलं. मामा म्हणाला, "गण्या, तू आलास आणि मशीनची वाट लागली. शनिवारची एसटी पकड."

आईला काय तोंड दाखवणार? शुक्रवारी मशीनची शेवटची सेवा करताना डोळे भरून आले. मोटारीला दोन थेंब, बेअरिंगला दोन, आणि पट्ट्याला दोन्ही बाजूंनी चांगलं चोळून, न्हाण्याआधी डोक्याला लावतात तसं.

"हे काय करतोस रे?" मागे वसंतभाऊ दात घासत उभे.

"तेल लावतोय, भाऊ. पट्टा कोरडा पडतो ना."

"रोज?"

"एक खाडा नाही."

भाऊ गवताच्या भाऱ्यावर खालीच बसले. "मग इतके दिवस आमच्याबरोबर शोधत काय होतास?"

"गळकं तेल. हे तर मी घातलेलं."

तेवढ्यात मामा आला.

"दादा, गळती सापडली. बंद केली," भाऊ मामाला म्हणाले. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "आणि पोराला ठेवा. मशीनला एवढं जपणारा दुसरा मिळायचा नाही."

"पुन्हा बंद पडली तर?"

"मला हाक मारा. ह्याला हात लावू देऊ नका."

एसटी माझ्याशिवाय गेली. भाऊंचे हे उपकार मी एक दिवस फेडणारच. तसं त्याच संध्याकाळी त्यांच्या घरी जाऊन सांगितलं, "भाऊ, तुमच्याकडे काहीही बिघडू दे, पंखा, रेडिओ, वहिनींची शिवणाची मशीन, मी धावत येईन."

भाऊंनी वहिनींकडे पाहिलं. वहिनी उठल्या आणि शिवणाच्या मशीनवर चादर घातली.